खालची खाच

इर्मेलिंदा म्हणाली, "स्टेअरिंग मांडीवर येऊन बसतं,
पोटच्या पोरासारखं.
वळणावर उठायलाच तयार नसतं."
कॉलमच्या गळ्यात काथ्याची दोरी घालून
ती डॅशबोर्डच्या कप्प्याला बांधलेली.
अशी केप्याहून कुडचड्यापर्यंत आली,
मागे सोललेल्या नारळांची पंधरा पोती.

मी चाक धरून हलवलं.
वर, खाली, डावी, उजवी.
इतका खेळ जत्रेतल्या पाळण्यालाही नसतो.

बॅटरीची तार काढली,
हॉर्नचं बटण, मधला नट,
मग पुलर लावला.
चाक सुटताना जो आवाज होतो
तो मला अजून आवडतो.
पुढे इंडिकेटरची रिंग, तिच्या तारा,
करंगळीएवढ्या दोन स्प्रिंगा.
त्यातली एक उडाली.
सुब्रायला ती पाऊण तासानं
पंक्चरच्या टबात सापडली.

आत लाल माती.
खाणी बंद पडल्या, ट्रक गेले,
टायरवाले गेले, समोरचा चहावाला गेला,
ही धूळ मात्र ग्रीसच्या आडोशाला
अजून कामावर होती.

तिच्याखाली चार बोल्ट.
तीन नुसत्या बोटांनी फिरले.
चौथा जागेवरच नव्हता,
आणि बाकीच्यांनी ही बातमी
इतके दिवस बाहेर जाऊ दिली नव्हती.
आटे घासले, निळा डिंक लावला,
चौथा माझ्या डब्यातला, कुठल्याशा भंगार टिपरचा.
मनगट पुरे म्हणेपर्यंत आवळले.

मग दातांची पट्टी पाहिली. सात खाचा.
खालच्या दोन गुळगुळीत,
किनाऱ्यावर सापडणाऱ्या काचेसारख्या.
वरच्या कोऱ्या. कडा नखाला लागतात.
"वर कोण बसवायचं हिला?"
"बेनितो."
भाऊ. सहा फूट दोन इंच.
गाडी घेऊन दीड वर्ष झालं, आणि
पोर्तुगालचा पासपोर्ट काढून स्विंडनला गेला.
तेव्हापासून ही चालवते. पंधरा वर्षं.

हिशेब सोपा होता.
नवी पट्टी मडगावात नाही, बेळगावात नाही,
आणि वर कोरी जागा फुकट पडून आहे.
म्हटलं, वरच्या खाचेत कायमचं अडकवतो,
वेल्डिंगचा एक टिपका, तुझा माझा जन्म निघेल.
ती सीटवर चढली, उशी सारखी केली,
चाक वर धरून बघितलं
आणि उतरली.
"तिथून मला रस्ता दिसत नाही," म्हणाली.
"नुसतं चाक दिसतं."

मग कानस.
खालच्या दोन खाचा वेल्डिंगनं भरल्या,
निवू दिल्या,
त्रिकोणी कानशीनं परत कोरल्या.
अख्खी दुपार.
रुळांवरून कोळशाची मालगाडी गेली, पत्रे थरथरले,
शेवटचा डबा जाईपर्यंत
मी कानस हवेत धरून बसलो.
सुब्राय झोपला.
ती स्टुलावर बसून पोती मोजत होती,
पुन्हा पुन्हा,
जणू मी त्यातलं एखादं आत बसवणार होतो.

संध्याकाळी लिव्हर ओढली. चाक खाली आलं.
टक.
एकच. त्याच्या मागेपुढे काही नाही.
पैशांवर तिनं बारा नारळ ठेवले,
मी चार परत केले, तिनं त्यातले दोन घेतले.

आणि पुलाच्या तोंडाशी
गाडी सरळ गटाराकडे निघाली.
मी धावलो. वाटलं, पाना आत विसरलो.
काही विसरलो नव्हतो.
चाक सैल होतं तेव्हा सरळ जायला
ती दोन बोटं डावीकडे ओढायची.
आता चाक सांगितलेलं ऐकत होतं,
तंतोतंत,
आणि हात अजून जुन्याच गाडीत होते.

खिडकीतून तिनं दोन्ही मनगटं बाहेर काढली.
"यांचा बोल्ट आहे का रे तुझ्याकडे?"

नव्हता.
ती पूल चढली,
जरा डावीकडे, मग जरा जास्तच उजवीकडे,
मागे सांग्याची बस, हॉर्नवर हात ठेवून.