नमुना एकतीस

दुपारचे शेहेचाळीस अंश.
मेडिकल चौकातल्या रसवंतीवाल्याने
पोत्यातला बर्फ फोडून दिला, पैसे घेतले नाहीत.
"पेशंटसाठी ना?"
हो म्हटलं.
खरं तर रक्तासाठी.
माणसातून बाहेर आलं
की रक्ताचं वेगळंच आजारपण सुरू होतं.

आम्ही मोजतो ते सबस्टन्स पी.
पी म्हणजे पेन, असं नवी मुलं वहीत लिहितात.
पी म्हणजे पावडर.
फार पूर्वी कुणीतरी वाळवून ठेवलेली भुकटी,
तिच्या नावातलं एक अक्षर.
दुखणं तिला नंतर चिकटलं.

तीही चिकटते. काचेला, प्लास्टिकला.
नळीच्या भिंतीवर गुपचूप बसून राहते
आणि आपण म्हणतो, रक्तात नव्हतीच.
जी उरते तिच्यावर
रक्तातलीच विकरं कात्र्या परजून बसलेली.
म्हणून जांभळ्या टोपणाची गार नळी,
आत आधीच घातलेलं
कात्र्या धरून ठेवणारं औषध,
आणि पंधरा मिनिटांच्या आत
चार अंशांवर गरगरणारं यंत्र.
वेळ मी मनगटावर पाहते, नळीवर लिहिते.

आणखी एक खोड:
ओळखीचं शंभर रक्तात घालायचं
आणि मोजायचं, परत किती येतं.
पहिल्या महिन्यात अडतीस यायचे.
गाळणी बदलली, धुणं बदललं, नळ्या बदलल्या,
आता एक्क्याण्णव घरी येतात.
चांडक सर म्हणतात, झकास, लिहायला घ्या.
मला ते नऊ झोपू देत नाहीत.

नमुना एकतीस.
रोशनी कुमरे, देवलापार, वय एकोणीस, सिकल.
गुडघे छातीशी, उशीचा कोपरा दातांत.
दहापैकी किती, विचारलं
तर तिने दोन्ही पंजे उघडले
आणि मग माझीही बोटं धरली, मोजायला.

लिफ्ट बंद होती. जिन्यात स्ट्रेचर अडलेलं.
खाली पोचले तर लाइट गेली,
जनरेटर खोकत खोकत लागला.
थर्माकोलच्या डब्यात
नळी कोमट पाण्यावर तरंगत होती.
त्रेपन्न मिनिटं.

निकाल: अख्ख्या प्लेटमधला सगळ्यात कमी.
माझ्याहून कमी.
आणि मी तर निरोगी म्हणून बाही वर करून
स्टुलावर चहा पीत बसले होते.

"ठेवू या," चांडक सर म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे."
मी पट्टी लावून लाल रेघ मारली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: उशीर.

तीन आठवड्यांनी ती दारात,
हातात फाइल, पायात नवी चप्पल.
"ताई, माह्या रक्तात कमी निघालं म्हणे.
म्हंजे मले दुखून नव्हतं राहिलं काय?"

कुणी सांगितलं हिला, ते विचारलं नाही.
म्हटलं, तो आकडा तुझ्या दुखण्याचा नव्हता, बाई,
माझ्या जिना उतरण्याचा होता.

ती हसली नाही. विचार करत राहिली.
मग म्हणाली,
"पुढच्या टायमाले बर्फ माह्यापाशीच ठेवा. खाटेवर."

पुढचा टाइम येऊच नये, म्हणायचं होतं.
पण माझ्या यादीत अजून एकोणतीस ओळी कोऱ्या.

काही बोलले नाही.
ती गेल्यावर
रिकाम्या नळ्या गार करायला ठेवल्या.