दोन बोटं कमी

तिकीटखिडकीपाशी तार्मो
पावतीच्या पाठीवर आकडेमोड करतोय.
चार फेऱ्यांत वर्षाचा पास वसूल.
एकाआड एक शनिवारी हेल्मी त्याची,
सप्टेंबरनंतर पाळणे बंद,
म्हणजे उरले नऊ.
त्यातला एक आजीकडे, एक तापाचा धरू,
पार्किंगचे वेगळेच.

पलीकडे हेल्मी
उंचीच्या पट्टीला टाचा चिकटवून उभी.
मोठ्या रोलरकोस्टरला दोन बोटं कमी.
"टोपीसकट मोजतात का?"

नाही मोजत.

मागची रांग खाकरते.
दोन बोटं वाढायला किती शनिवार लागतात
हे पावतीवर मांडता येत नाही.
आणि वाढेल ती बहुधा
एखाद्या बुधवारी, आईकडे.

तो पाकीट काढतो.
"फोटो लागतील," खिडकीतली बाई म्हणते,
"दोघांचे. वेगवेगळे."