एकशे अठ्ठेचाळीस

दोन मार्कांनी राहिली जूनची परीक्षा.
डिसेंबरला पुन्हा बसायचं.
धानगिरणीच्या मागच्या खोलीत
कोंड्याची धूळ बसते हृदयाच्या आकृतीवर,
फुंकर मारून मी पान उलटते.

ओशच्या वॉर्डात रशियनमधून
विचारायला शिकले, कुठं दुखतं.
खिडकीत बर्फ. म्हातारे भरभरून सांगायचे,
मला निम्मं कळायचं.

इथं भागरथाबाई दारातच बसकण मारते.
"डाक्टरीन, जीव कसातरीच करते वं.
रातच्यानं छातीत कोनी
सुपानं पाखडल्यावानी."
चार पर्यायांत सूप कुठंच नसतं.

नाडी धरते. मिनिटभर मोजते.
ठोके मधेच गाळतात, मधेच धावतात.
चिठ्ठी लिहायचा अधिकार नाही मला.
साकोलीला जा म्हणते, आजच, साडेदहाच्या बसनं.
पदराची गाठ सोडत ती विचारते,
"किती झाले?"
मी नुसतीच मान हलवते.

दहाला लाइन जाते, गिरणी गप्प.
प्रश्न दोनशे बारा :
बाई, वय बासष्ट, अनियमित नाडी,
पुढची पायरी कोणती?
उत्तर येतं मला.
तरी पेन्सिल ठेवून रस्त्यापर्यंत जाते,
बघायला,
ती बसली का बसमध्ये.