मागच्या पानावरचे नंबर

ओपीडी रजिस्टरचं मागचं पान
"फाडू नका," एवढंच म्हणाले खातू डॉक्टर
बदली होऊन जाताना.
शिसपेन्सिलीतले सतरा नंबर,
एकापुढे नुसतं: रात्री पण चालेल.

त्या तीन शब्दांचा अर्थ मला जानेवारीत कळला.
पूर्णगडच्या सड्यावरून
टेम्पोच्या हौद्यात आणला करण साउदला,
मोहोर फवारता फवारता कलमाखालीच आडवा झालेला.
तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या,
आणि सोबतचा पोरगा
"दाइ, दाइ" एवढंच बोलत होता.
ॲम्ब्युलन्स यायला दीड तास.

चिपळूणहून तय्यबा परकार,
जिला मी अजूनही पाहिलेलं नाही,
झोपेतल्या आवाजात विचारते,
"ॲट्रोपीन किती आहे गो?"
सिस्टर मांजरेकरांनी कपाट उपसलं. चाळीस.
"कपडे काढ त्याचे, साबणाने धू.
दे. छाती ऐक. घरघर आहे? मग दुप्पट दे.
बाहुल्यांकडे बघत बसू नको,
छाती कोरडी होईपर्यंत देत राहा.
फोन ठेवू नकोस. मी हाय."
मागे तिच्या घरात कुणीतरी खोकलं,
पंखा फिरत होता,
आणि मला ते सगळं ऐकू येत होतं.

एकतिसाव्या इंजेक्शनला करण शिवी हासडून उठायला लागला.
सिस्टर म्हणाल्या, आता जगला.

मे संपला की पेट्या संपतात,
मालक हिशेब करतो,
बागांतले नेपाळी एका रात्रीत उतरतात स्टेशनला.
मनसरा बोहराची टीबीची गोळी तेव्हा चौथ्या महिन्यात.
दोन महिन्यांच्या स्ट्रिपा तिच्या पिशवीत घातल्या,
नवऱ्याच्या टोपीखाली,
आणि पानावर अठरावा नंबर लिहिला:
हिरा धामी, धनगढी.
तो मला कोप्पळच्या बसम्मा हडपदने दिला,
तिला बहराइचच्या एका कंपाउंडरने,
त्याला कुणी, ते कुणालाच आठवत नाही.

मासिक अहवालात या पानाला रकाना नाही.
साहेब विचारतात, रेफरल किती?
मी आकडा सांगते.

ऑगस्टमध्ये हिराचा फोटो आला,
रिकाम्या स्ट्रिपा, बाजूला मनसराचा अंगठा,
मळलेला, नखाशी हळद.
सिस्टरना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिला.

पण लिंगप्पाच्या नावापुढे अजून फुलीच आहे.
काजूच्या खड्ड्यांना आला होता रायचूरकडून,
साखर चारशेवर, पायाची जखम भरत नव्हती,
आणि एका सोमवारी मुकादमच म्हणाला, गेली ती टोळी.
फोन वाजतो. उचलत नाही कोणी.
हडपद म्हणते, बाजाराच्या दिवशी विचारते.
तिच्या दवाखान्यापासून त्याचं गाव नव्वद किलोमीटर.
तरी म्हणते,
गुरुवारी बाजार असतो, विचारते.