बरणी चालू आहे

आप्पांच्या कपाटात दीपनगरची तीन लॉगबुकं आहेत.
तिसऱ्यात, बॉयलरच्या ट्यूबगळतीच्या नोंदीखाली,
निळ्या शाईत :
पत्ताकोबी दोन किलो. मीठ चाळीस ग्रॅम, जास्त नाही.
हाताने चुरणे, पाणी सुटेपर्यंत.
वर दगड. हवा लागू देऊ नये.
सहा आठवडे. सांगणार : क्राउझेसाहेब.
आणि समासात, वेगळ्या पेनाने :
भुसावळात पाच दिवस. मे महिन्यात नादी लागू नये.

क्राउझेसाहेब टर्बाइन बसवायला आला नि चौदा महिने राहिला.
गेस्टहाऊसच्या शेवभाजीने पोट बिघडलं तेव्हा
एका रविवारी आमच्या क्वार्टरच्या दारात उभा,
दोन्ही काखांत एकेक कोबी,
जुळी पोरं धरावीत तसे.
मी चौथीत होते.
आई म्हणाली, लोणचं घालायचं तर तेल किती काढू?
तो म्हणाला, नो ऑइल.
खान्देशात हे वाक्य कुणी मोठ्याने बोलत नाही.
आईने हातातली कळशी खाली ठेवली.

यंदा जानेवारीत कोबी दहाला दोन झाला.
मी चार आणले, बारीक चिरले,
मनगटं भरून येईतो चुरले,
वर दगड म्हणून आईचा बत्ता, पिशवीत गुंडाळून.

तिसऱ्या दिवशी बरणी बोलू लागली.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात आप्पांचा वास गेला तो गेलाच;
हिंग, रॉकेल, उदबत्ती, सगळं त्यांना सारखं.
ते उठले, हत्यारांच्या डब्यातून
लांब स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक बरणीला, मूठ कानाला,
बेअरिंग ऐकायचे तसे डोळे मिटून उभे राहिले.
"चालू आहे," म्हणाले.
"लोडवर आलं नाही अजून."

पाचव्या दिवशी झाकण काढलं
आणि भिंतीपलीकडून लीलाबाई फेगडे :
"काय सडलं वं तुमच्याकडे?"

पुढचं पान सूपचं. बटाटे, कांदे, शहाजिरं,
मिरी, तमालपत्र, आंबलेला कोबी पाण्यासकट.
मग : धुरावरचं मांस. (इथे मिळत नाही. बघू.)
हे "बघू" चाळीस वर्षं तसंच पडून होतं.
आई असती तर म्हणाली असती, बघतोय कोण.

मी त्याच लीलाबाईंकडे गेले.
त्यांच्या अंगणात भरताची वांगी भाजणं चाललं होतं,
पऱ्हाट्यांचा जाळ कडकड वाजत होता.
म्हटलं, वांगी झाली की माझे बटाटे टाकू का निखाऱ्यात?
आणि चार कांदे?
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि सरकून जागा दिली.

काळी सालं काढली, सगळी नाही.
पातेल्यात आंबट पाणी उकळलं तेव्हा
घरभर असा वास, की मीच खिडकी उघडली
आणि मीच परत लावली.

सोबत कळण्याची भाकरी.
साहेबाच्या काळ्या पावाच्या जवळपास जाणारं
आमच्याकडे तेवढंच.

पहिल्या घोटाला आप्पांचे डोळे बारीक झाले,
कानाखाली, जबड्याच्या सांध्यात काहीतरी आवळलं.
आंबट पोचलं होतं. ते जिभेचं खातं,
नाकाला विचारावं लागत नाही.
दुसऱ्या घोटाला म्हणाले, "पातळ आहे.
क्राउझेच्या सूपात चमचा उभा राहायचा."
त्यांनी वाडग्यात चमचा उभा केला.
तो कलला, सावकाश, कडेला टेकला.
आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं.
मग त्यांनी अर्धी भाकरी चुरली, कालवली,
परत चमचा रोवला
आणि हात काढून घेतला.

"लिही."
मी लॉगबुक उघडलं. वीस-पंधरा. चमचा उभा.
वासाच्या पुढे काय लिहू, विचारलं,
तर भाकरीचा घास चावत म्हणाले, तुझा लिही.

मी लिहिलं : ओलं पोतं. जळकी पऱ्हाटी.
थोडं शहाजिरं, उशिरा येणारं.
आणि त्याखाली, नोंद म्हणून,
लीलाबाईंची तक्रार,
आणि त्यांनी मागून नेलेला एक वाडगा.