चौदा नंबर

टेस्केंच्या कुरणात ट्रेलर उभा होता,
म्हणजे उभा केलेला. दोन वर्षांपूर्वी
हायवेवर वाऱ्याने लोळवला,
मग ट्रॅक्टरने ओढून इथवर आणला.
डावी बाजू चेपलेली,
झोपून उठलेल्या माणसाच्या गालासारखी.
ऑर्विन म्हणाला, चारशे डॉलर.
जे सुटेल ते तुझं.

एकोणीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
नंबर चौदा. पहाटे पाच चाळीसला इंजिन तापवायचं,
काचेवरचा बर्फ खरवडायचा,
आणि निघायचं थेट शेवटच्या रँचपर्यंत, जिथे
एकच मुलगी चढायची, तीही न बोलता.
मग बस लिलावात निघाली.
बोली लावणारे दोघंच, मी आणि एक मधमाश्या पाळणारा.
त्याला पेट्या ठेवायला हवी होती. मला राहायला.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी म्हणते, आधी एखादं मोडून पाहावं.
मग कळतं, भिंत म्हणजे
पापुद्र्याएवढा पत्रा, मूठभर पिवळी लोकर,
दोन बोटं रुंद लाकडाच्या पट्ट्या
आणि पिना. नुसत्या पिनाच पिना.
एवढ्याच्या भरवशावर माणसं पाय ताणून झोपतात.

स्क्रू चौकोनी खाचेचे. काही मुकाट आले.
काहींचा बाणा मोडेन पण वाकणार नाही,
ते मोडले.
खिडकीच्या चौकटीमागचा काळा चिकटा
आधी बोटांना, मग केसांना,
दुपारी सँडविचलाही लागला.
शेगडी निघाली तीन बर्नरची, धडधाकट.
तिच्याखाली उंदराचं घरटं, नकाशाचं:
वायोमिंगच्या चिंध्या, एक अख्खी नदी,
आणि मधोमध सूर्यफुलाची चार टरफलं.

पाण्याच्या पंपाला बॅटरी जोडली.
काहीच नाही.
मग घसा खाकरून असा ओरडला
की माझा भाचा रीस शिडीवरून उतरलाच.

ऑर्विन सगळा वेळ दारातल्या घडीच्या पायरीवर.
हा हीटर रॅपिड सिटीत बदलला. हा दिवा
कधीच नीट लागला नाही. त्या टाकीला तडा नाही, घे.
तो बसून होता म्हणून दार काढता येईना.
ऊठ म्हणायला जीभही रेटेना.

लिओना स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.
एकदाही बाहेर आली नाही. मला वाटलं, दुःख असेल.
फ्रिज उतरवताना, तोही उभाच,
आडवा केला की गेलाच कामातून,
ती अंगण ओलांडून आली, एप्रन तसाच,
आणि माझ्या हातात एक हँडल ठेवलं.
छताच्या झरोक्याचं. पितळी, दीड वीत.
म्हणाली, चमच्यांच्या खणात होतं.
दोन वर्षं तो शोधतोय.
हे मिळालं असतं तर वर चढला असता,
मग भोक बुजवलं असतं, मग चाकं,
मग परत माँटाना.
मला माझा पलंग आवडतो.
त्याला सांगू नकोस.

मी नाही सांगितलं.
पायरी मात्र मागे ठेवली. बसला तीन आहेत,
शाळेच्या, रबर झिजलेल्या.
निघताना आरशात पाहिलं:
सांगाडा, दार तसंच, आणि त्याच्या पायाशी तो,
टोपी गुडघ्यावर.

बसच्या भिंती वर जाताना आत झुकतात.
ट्रेलरचं एकही कपाट सरळ बसत नाही,
प्रत्येकाचा खांदा तासावा लागला.
फ्रिज अजून थोडा कलतो. सिंकखाली गळतं.
एक सीट काढली नाही,
तिच्या पाठीवर पेनाने कोरलंय, गणित नरकात जावो.
अक्षर कुणाचं ते मला माहीत आहे.

अजून पाच चाळीसला जाग येते.
चढणारं कुणी नसतं.
पडल्या पडल्या हँडल फिरवते.
चौथ्या फेऱ्याला अडकतं, दर वेळी.
जरा दाबावं लागतं.
मग छतात हातभर अंधार उघडतो, गार,
आणि वास येतो
कुणाच्या तरी कापलेल्या गवताचा.