तिसऱ्या ठिपक्याखाली

वाळपईच्या आरोग्य केंद्रात, आठ ते अकरा,
मी दंड धरते.
रबरी पट्टा, ‘मूठ आवळा’, कापसाचा बोळा.
चेहरे विसरते मी. हात राहतात लक्षात.

काल रांगेत सर्वेश माजीक होता.
कोपरापासून मनगटापर्यंत अख्खा मासा,
हणजुण्यात काढलेला, दोन बैठका, नऊ हजार,
आणि खवल्यांच्या आत एक नाव
ज्याच्यावर आता आणखी खवले चढवायचेत.
पोलीस भरतीत छाती भरली, धावलाही बरा,
मग साहेबानं बाही वर करायला सांगितली.

‘देवानं सांगूनच ठेवलंय, अंगावर खुणा नकोत,’
मागून एस्पेरांसाबाई, गळ्यातला खुरीस चाचपत,
‘जुन्या करारात आहे.’
‘आणि तुमचा नातू?’ कुणीतरी विचारलं.
‘तो लिस्बनला असतो,’ म्हणाल्या,
जणू ते उत्तर होतं.

डॉक्टर चहा घेत दारात आले.
आल्प्सच्या बर्फात म्हणे एक माणूस सापडला,
पाच हजार वर्षांपूर्वीचा,
अंगावर एकसष्ट रेघा,
बहुतेक कंबरेपाशी, गुडघ्यापाशी, घोट्यापाशी.
‘दुखायचं तिथं. नटायला नाही, औषध म्हणून.’
चहा संपला, ते आत गेले.
बर्फातला माणूस थोडा वेळ बाकावर बसून राहिला.

त्याच्या शेजारी जनी वरक.
घाटावरून पहिल्या बसनं आलेली, उपाशीपोटी.
दोन्ही हातांवर हिरवे ठिपके,
तुळस, पाळणा, आणि एक काहीतरी
जे तिलाही आता ओळखू येत नाही.
‘काट्यानं टोचलं. दिव्याची काजळी,
नि दूध शेजारणीचं, आईचं आटलं होतं.
न गोंदता गेलं तर यम मुसळानं गोंदतो.
दागिना काय, सून कुडीसुद्धा उपटून घेईल.
हे काढ म्हणावं.’

‘दुखलं?’ माशानं विचारलं.
‘चौघींनी धरली होती. सात वर्षांची होते.
मला कुणी इचारलं नव्हतं.’
‘मग आवडतं का तुला?’
‘नाक आवडतं का म्हणून इचारतं का कोण?’

मी गप्प.
घरी लेकीला नाही म्हटलंय मी.
कारण म्हणून कावीळ सांगितली, सुया, संसर्ग.
ती म्हणाली, आई, खरं सांग.
खरं मला सापडेना.

जनीची शीरही सापडेना.
दोनदा टोचलं, दोनदा कोरडं.
कातडी भिजल्या कागदासारखी सरकत होती.
मग तिनंच बोट ठेवलं:
‘त्या तिसऱ्या ठिपक्याखाली बघ, बाय.
आधीची पोरगी तिथनंच काढायची.’

आणि तिथंच होती.
काळसर, संथ, नळी भरेपर्यंत कुणाची घाई नसलेली.

चिठ्ठी चिकटवताना माझा तळवा उलटा झाला.
तिथं माझाही एक ठिपका आहे, निळा.
तिसरीत असताना सुकांतीनं पेन्सिल खुपसली होती,
शीस आत मोडलं, जखम भरली, रंग तेवढा राहिला.
असंच झालं असेल का पहिल्यांदा?
चुलीपाशी कुणाला तरी काटा रुतला,
बोटाला काजळी होती,
आणि शेजारची म्हणाली, मलापण.
सुकांती कुठं असते माहीत नाही.
तिचा चेहराही नाही आठवत.

सर्वेशचा नंबर आला.
माशाच्या शेपटीजवळ जागा मिळाली,
पण सुई दिसताच त्यानं डोळे मिटले,
ओठ पांढरे, कपाळाला घाम,
हजारो टोचण्या सोसून आलेला गडी.

जनी उठली. कापसाचा बोळा कोपरात दाबून
दुसऱ्या हातानं त्याचं डोकं पोटाशी धरलं,
घट्ट,
धरतात कसं ते माहीत असल्यासारखं.
‘झालं, झालं,’ म्हणाली.
मी अजून टोचलंही नव्हतं.